छज्ज्याचं लोखंड

स्लॅब भरायच्या दिवशी तुमिराह सगळ्यांच्या आधी वर चढली. गावची माणसं अजून यायची होती. फळ्यांवर अंथरलेली सळ्यांची जाळी रात्रीच्या पावसानं ओली होती आणि हात लावला की बोटांना तांबूस गंज लागत होता. ती उकिडवी बसली, कमरेचा आकडा काढला आणि राहिलेल्या गाठी तारेनं आवळायला लागली.

घर तिच्या थोरल्या भावाचं, दार्सोनोचं. बरीच वर्षं कोरियातल्या कारखान्यात घालवून तो परत आला होता. लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि ते नव्या घराच्या दारात व्हायला हवं असा त्याचा हट्ट होता. बांधणारा गवंडी तुमिराहचा नवरा पोनिरिन, आणि ती त्याच्या हाताखाली बिगारी. लग्न झाल्यापासून ती हेच करत आली होती. पोनिरिननं नुसता हात मागे केला तरी त्याला थापी हवी की ओळंबा हे तिला कळायचं.

दार्सोनोला पुढून छज्जा हवा होता. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगला पाच फूट बाहेर आलेला, आणि खाली एकही खांब नाही. पोनिरिननं सांगून पाहिलं होतं, "दोन खांब घालू दे. जिवाला स्वस्थता राहील."

"खांब घातल्यावर मांडव कुठे बसवू? नवरानवरीची बैठक छज्ज्याखाली मांडायचीय," दार्सोनो म्हणाला होता. "जमत नसेल तर तसं सांग. शहरात गवंडी कमी नाहीत."

ते वाक्य पोनिरिनच्या अंगात काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्यानंतर त्यानं खांबांचं नाव काढलं नाही. लोखंड मात्र स्वतः निवडलं, स्वतः वाकवलं, आणि छज्ज्याच्या सळ्यांखाली वाकवलेल्या सळीच्या बुटक्या लोखंडी खुर्च्या ठेवून त्या वर उचलून धरल्या. हे तुमिराहला नवं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच कामावर त्यानं तिच्या हातात ओल्या वाळूचं घमेलं दिलं होतं आणि हात सरळ पुढे धरायला सांगितलं होतं.

"कुठे ताणतंय?"

"इथं. खांद्याच्या वर."

"तिथंच लोखंड पाहिजे. खोलीवरच्या स्लॅबचं पोट ताणतं, म्हणून त्याचं लोखंड पोटात. छज्ज्याची पाठ ताणते, त्याचं पाठीवर. सिमेंटला दाबून बघ, डोंगर पेलेल. ताणून बघ, पापडासारखं मोडेल."

आता तोच शिडीवरून वर आला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, तोंडात न पेटवलेली सिगारेट. छज्ज्याच्या सळ्या त्यानं पायानं नाही, हातानं दाबून पाहिल्या.

"आज तू इथून हलू नकोस," तो म्हणाला. "माल आला की आकड्यानं सळ्या वर ओढून धरायच्या. कुणी पाय दिला तर शिव्या घाल. खुद्द लुरा, गावचा कारभारी, असला तरी घाल."

"लुरा कशाला येतोय भरायला? तो जेवायला येईल."

पोनिरिन हसला. त्या दिवसातलं त्याचं हसणं तेवढंच.

सांबातान होतं. वातुगेडे गावात कुणाचं घर उभं राहत असलं की घरटी एक माणूस जातो, मजुरी घेत नाही, दोन वेळा जेवतो, गोड चहा पितो. तीस-चाळीस जण आले. मिक्सरवर कासिदी उभा राहिला. तोंडानं सैल आणि अंगानं रेड्यासारखा दणकट माणूस. मागच्या अंगणात पाऊस अडवायला म्हाताऱ्या म्बाह सुरोला बसवलं होतं. उलटा झाडू रोवून, त्याच्या काड्यांना मिरच्या टोचून, तो ऊद जाळत डोळे मिटून बसला होता.

"म्बाह," कासिदी ओरडला, "मागच्या खेपेला तुम्ही आमच्या शेजाऱ्याचा पाऊस अडवलात तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला. आज जरा लांब पाठवा."

माणसं हसली, मिक्सर धडधडायला लागला, आणि माणसांची साखळी शिडीवरून थेट वरपर्यंत लागली. घमेली हातोहात चढत होती. भरणं मागच्या भिंतीपासून सुरू झालं आणि हळूहळू पुढे सरकत आलं. पोनिरिन सगळ्यांच्या पुढे, घोट्यापर्यंत मालात, फावड्यानं ओढत, बांबूनं टोचत, हवा काढत होता. तुमिराह छज्ज्याच्या कडेला बसून वाट बघत होती. पश्चिमेकडचा डोंगर आधी निळा होता, मग करडा झाला, मग दिसेनासा झाला.

माल छज्ज्यापाशी पोचला आणि थेंब पडायला लागले.

पहिली घमेली डाव्या बाजूला पडली. तिनं आकडा घालून सळ्या वर ओढल्या, माल खाली सरकला, सळ्या जागच्या जागी राहिल्या. पुढचा हात, पुढचा हात. निम्मा छज्जा तिनं असा भरून घेतला. मग वाऱ्याचा एक लोट आला आणि पाऊस फुटला.

"ताडपत्री! ताडपत्री आणा!" खालून दार्सोनो ओरडत होता. "आणि हात चालवा रे! सगळं वाहून जाईल!"

चार-पाच जण ताडपत्री घेऊन वर धावले. पायाखाली काय आहे ते बघायला कुणाला सवड होती? उजव्या बाजूच्या सळ्यांवर धपाधपा पाय पडले. लोखंडी खुर्च्या एकेक करून आडव्या झाल्या. तुमिराह ओरडली, तिनं एकाच्या पोटरीवर आकड्याचा दांडा मारला, पण त्याला वाटलं ती ताडपत्री मागतेय. सळ्या फळ्यांना टेकल्या होत्या.

"कांग!" ती नवऱ्याला हाका मारायला लागली. "उजवीकडे सळ्या बसल्या! थांबवा! माल थांबवा!"

पोनिरिन घसरत आला. पावसानं त्याचे डोळे उघडत नव्हते. "थांबलं तर सांधा राहील," तो ओरडला. "अर्धा आज, अर्धा उद्या, असा छज्जा कुठे भरतात? ओता!" त्यानं तिच्या हातातला आकडा घेतला, मालात खुपसला, दोन-तीन ठिकाणी जोर लावून सळ्या वर ओढल्या. "आल्या. आल्या वर. ओता!"

आल्या होत्या. आकडा निघताच परत खाली बसताना तिनं पाहिल्या. वर ओला माल हलला, एक खळगा पडला आणि बुजला. तेवढ्यात त्यावर पुढचं घमेलं पडलं.

ती पुन्हा ओरडली नाही. चाळीस माणसं बघत होती, खाली भाऊ उभा होता, आणि नवरा म्हणाला होता, आल्या.

संध्याकाळी सगळे भात, सोयाबीनचं तेंपे आणि कोंबडीचा रस्सा जेवले. म्बाह सुरो म्हणाला, मी अडवला नसता तर याच्या दुप्पट पडला असता. पोनिरिनची सगळ्यांनी पाठ थोपटली. भर पावसात त्यानं कुठे सांधा राहू दिला नव्हता.

---

पुढचे दिवस पोनिरिननं त्या स्लॅबची लहान पोरासारखी उस्तवार केली. गोणपाटं अंथरली, कडेनं मातीचे बांध घातले, ऊन पडलं की पाणी मारलं. पाऊस रोजचाच होता, तरी तो सकाळ-संध्याकाळ वर जाऊन यायचा. खाली छज्ज्याला बांबूचे टेकू दाटीवाटीनं उभे होते, प्रत्येकाच्या बुडाशी फळीचा तुकडा आणि पाचर. दार्सोनो घाई करायचा. पोनिरिन एका शब्दात उत्तर द्यायचा, "तीन आठवडे."

तुमिराहनं दोनदा विषय काढला. पहिल्यांदा तो म्हणाला, "मी उचलल्या की." दुसऱ्यांदा पाणी मारायची बादली उचलून निघून गेला. वर गोणपाट सरकवून ती उजव्या बाजूवर हात फिरवायची. छान गुळगुळीत, काळपट, थंड. वरून काय कळणार?

आणि छज्ज्याखाली आता माणसं वावरायला लागली होती. म्हाताऱ्या सिम्बोकला, तुमिराहच्या आईला, ती जागा आवडली होती. टेकूंच्या मधोमध तिनं बांबूचं बाकडं ओढून घेतलं होतं आणि सकाळची कॉफी ती तिथंच प्यायची. लग्नाच्या दिवशी म्हाताऱ्या बायका इथं बसवू आणि वर कर्णे ठेवू, असं दार्सोनो आल्यागेल्याला सांगायचा. "वर पोरं चढली तरी हरकत नाही. आमच्या पोनिरिनचं काम आहे!" पोनिरिनबद्दल तो इतकं चांगलं पहिल्यांदाच बोलत होता.

लग्न तीन दिवसांवर आलं. मागच्या अंगणात बायका चुलीवर गुळाच्या भाताची कढई घोटत होत्या. तुमिराहही घोटायला बसली होती. दार्सोनो मांडववाल्याशी बोलून आत आला तशी ती हात पुसत उठली.

"मास दार्सोनो, छज्ज्याचे टेकू एवढ्यात काढू नका."

"एवढ्यात? तीन आठवडे म्हणून तुझ्याच नवऱ्यानं धोशा लावला होता. झाले की."

"घरातले काढा. पुढचे राहू द्या. लग्न झाल्यावर बघू."

"का?"

कारण सांगायचं तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार होतं, तेही कढईभोवती बसलेल्या पंधरा बायकांसमोर.

"पावसात भरलाय," ती कशीबशी म्हणाली. "माझं मन घेत नाही."

"मन घेत नाही!" दार्सोनो हसला आणि बायकांकडे वळला. "ऐकलंत? घमेली उचलून उचलून माझी बहीण इंजिनीअर झाली. अगं तुमिराह, बांबूच्या बनात लेक बसवू का मी? लोक विचारतील, घर पडतंय का म्हणून टेकू दिलेत?"

त्याची बायको वार्सिनी कढईतून नजर न उचलता म्हणाली, "आपल्या घराला अजून कुडाच्या भिंती असल्या की दुसऱ्याच्या सिमेंटकडे बघून मन घेत नाहीच."

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली सिम्बोक म्हणाली, "पोरगी काय म्हणते ते ऐकून तरी घे रे."

"तू लसूण सोल, बोक."

तुमिराह परत कढईपाशी बसली. चिकट भात कालथ्याला ओढत होता आणि ती घोटत राहिली, दंड भरून आले तरी.

ती घरी पोचायच्या आत गोष्ट पोनिरिनपर्यंत पोचली होती. दिवस मावळत होता. तो दारात विटेवर छिन्नीला धार लावत बसला होता.

"भावाच्या घरी जाऊन माझं कापड फाडलंस ना?"

"मी तुमचं नाव घेतलं नाही."

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? छज्जा काय म्बाह सुरोनं भरला?"

"कांग, उजवीकडे मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी उचलल्या."

"उचलल्यात. आकडा काढल्यावर परत बसल्या."

छिन्नी विटेवर घासायची थांबली. त्यानं अंगठ्यानं तिची धार चाचपली. मग म्हणाला, "उद्या दुपारी टेकू मी स्वतः काढणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. शेवटचा निघाला की मी खाली उभा राहीन, एक सिगारेट संपेपर्यंत. मग तर तुझं मन घेईल?"

तिला नवरा चांगला ठाऊक होता. म्हणाला म्हणजे तो उभा राहणार.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी पोनिरिन विहिरीवर गेला असताना तिनं तीच छिन्नी आणि दोन शेरी हातोडी पदराखाली घेतली आणि भावाच्या घरी गेली. पुढे मांडववाले बांबू उतरवत होते. सिम्बोक बाकड्यावर कॉफीत केळ्याचं भजं बुडवत होती. तुमिराह कुणाशी न बोलता मागच्या शिडीनं वर चढली.

छज्ज्याच्या उजव्या बाजूला, जिथं तो घराच्या बीमला मिळतो तिथं, तिनं गोणपाट बाजूला सारलं, गुडघे टेकले आणि छिन्नी रोवून घाव घातला.

पहिल्या घावाला नुसता पांढरा ठिपका उमटला. दुसऱ्याला छिन्नी उसळून अंगठ्यावर आली. तिनं अंगठा तोंडात घातला, रक्ताची चव घेतली, आणि परत मारलं. टण. टण. आवाज खाली जात असणार हे तिला कळत होतं.

"कोण आहे वर?" दार्सोनो.

तिनं मारणं थांबवलं नाही. शिडी करकरली, पण वर आला तो पोनिरिन. विहिरीवरून तसाच धावला होता, केसांतून पाणी गळत होतं.

"काय करतेस?" आवाज चढला नव्हता, त्याचंच तिला भय वाटलं. "मी भरलेल्या स्लॅबवर छिन्नी चालवतेस?"

"दोन बोटं खाली लोखंड लागलं तर मी उठते. भावासमोर तुमचे पाय धरते. गावासमोर धरते."

"ऊठ."

"तुम्ही खाली उभे राहणार म्हणालात."

"ऊठ म्हणतो!"

"नाही उठत."

त्यानं तिचं मनगट धरलं. तिचा अंगठा त्याला दिसला, नख काळं पडलेलं. मग त्यानं ती खाच पाहिली, वेडीवाकडी, जेमतेम बोटभर. त्याची पकड सैल झाली.

"दे इकडे," तो म्हणाला. "असं फोडतात होय? छिन्नी तिरकी धर."

तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि मोजके, नेमके घाव घालायला लागला. ढलप्या उडत होत्या. दोन बोटं खोल गेला. लोखंड नाही. तीन बोटं. त्यानं फुंकर मारून धूळ उडवली, बोट घालून चाचपलं. खडीच होती, निळी, नदीची खडी, सिमेंटमध्ये घट्ट बसलेली. चार बोटं. कपाळावरचं पाणी कुठलं आणि घाम कुठला ते कळत नव्हतं. शेवटी छिन्नीचा आवाज बदलला. लोखंडाला लोखंड लागलं होतं, पार तळाशी, जवळजवळ फळीला टेकून.

त्यानं छिन्नी खाली ठेवली.

"कांग," ती म्हणाली.

तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यांखालून एक दणका आला. मग दुसरा. लाकडावर लाकूड मारल्याचा.

"हे काय?" पोनिरिन पुटपुटला आणि दुसऱ्याच क्षणी कडेवर पालथा पडून खाली डोकावला. मांडववाले खोळंबले होते, म्हणून दार्सोनोनं कासिदीला लावून टेकू पाडायला सुरुवात केली होती. उजव्या बाजूचे कडेचे तीन आडवे पडले होते. कासिदी चौथ्याच्या पाचरीवर घण उगारत होता. तिथून दोन हातांच्या अंतरावर सिम्बोक पाठमोरी बसली होती.

"कासिदी! हात लावू नकोस! थांब!"

घण पडून गेला होता. पाचर उडाली, बांबू कलला.

तुमिराहला आधी आवाज ऐकू आला नाही. आधी गुडघ्यांना कळलं, खालची जमीन केसभर उतरल्याचं. मग छज्जा आणि बीम यांच्या मधोमध, त्यांनी खोदलेल्या खाचेतून, एक बारीक रेघ निघाली आणि तिच्या डोळ्यांदेखत डावीकडे धावत गेली. जिथवर तिनं स्वतः सळ्या धरून ठेवल्या होत्या तिथं पोचली आणि थांबली. मग आवाज आला, सुकं लाकूड मोडावं तसा.

"आत हो! स्लॅबवर जा!" पोनिरिननं तिला मागे ढकललं आणि स्वतः शिडीकडे न जाता कडेवरून खाली उडी टाकली.

ती शिडीनं कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. घरातून धावत पुढे आली तेव्हा छज्ज्याच्या कडेतून पिठासारखी धूळ गळत होती. माणसं अंगणाच्या टोकाला पळाली होती. दार्सोनो हात वर करून उभा होता, जणू हातांनी तो धरणार होता. आणि सिम्बोक अजून बाकड्यावरच. म्हातारीला कमी ऐकू यायचं. भज्यावर धूळ पडली म्हणून ती वर बघत होती.

तुमिराह छज्ज्याखाली शिरली. आईच्या काखेत हात घालून तिनं तिला ओढलं, बाकडं उलटलं, कॉफी सांडली. "अगं माझी चप्पल," म्हातारी म्हणाली. तुमिराहनं तिला पोत्यासारखं अंगणात आणून टाकलं.

मागे वळून बघते तर पोनिरिन खाली होता. पडलेला बांबू त्यानं उभा केला होता, खांदा लावून वरच्या फळीशी भिडवला होता, आणि एका पायानं बुडाशी फळी सरकवायला बघत होता. उडीत पाय मुरगळला होता, तो टेकवत नव्हता.

"पाचर!" तो ओरडला. "पाचर द्या कुणीतरी!"

कुणी हललं नाही. त्याच्या डोक्यावर आणखी एक तडतड झाली.

तुमिराह परत आत गेली. मातीत पडलेली पाचर तिला सापडली. ती पालथी झोपली, पाचर बांबूच्या बुडाशी धरली. "घण," ती म्हणाली. "कासिदी, घण घेऊन ये."

कासिदीचं तोंड पांढरं पडलं होतं. पण तो आला. वाकून, एखाद्या म्हाताऱ्यासारखा, छज्ज्याकडे बघत बघत आला.

"मार."

"तुझ्या हातावर बसेल, यू तुमिराह."

"मार!"

त्यानं मारलं. पाचर आत गेली. बांबू ताठ झाला आणि कुंथला. दुसरा टेकू उभा केला, तिसरा, चौथा. पाचर ती धरत होती, घण कासिदी मारत होता आणि पोनिरिन खांदा लावून उभा होता. धूळ गळायची थांबली तेव्हाच ते तिघं बाहेर आले.

मांडववाल्याच्या टेम्पोचं इंजिन तेवढं चालू होतं.

दार्सोनोनं पोनिरिनची कॉलर धरली. "तीन आठवडे! तीन आठवडे मला थांबवलंस आणि हे? कच्चा माल घातलास माझ्या घराला?"

"माल कच्चा नाही." पोनिरिननं त्याचा हात काढला नाही. "लोखंड खाली गेलंय. उजवीकडचं सगळं. पाठीवर पाहिजे होतं, तळाला गेलं. माझ्या देखत गेलं. हिनं त्याच दिवशी सांगितलं, कालही सांगितलं. मी ऐकलं नाही." त्यानं अंगणातल्या माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चूक माझी. कासिदीची नाही, पावसाचीही नाही."

दार्सोनोचा हात आपोआप सुटला. तो उलट्या बाकड्याशेजारी मटकन खाली बसला. त्यानं आईकडे पाहिलं. सिम्बोक धुळीनं पांढरी झाली होती आणि चप्पल मागत होती.

"टेकू राहू देऊ," थोड्या वेळानं तो म्हणाला. "कापड गुंडाळू. फुलं लावू. परवाचा दिवस निघून जाईल."

"याच्याखाली आता कोंबडीसुद्धा बसवायची नाही," पोनिरिन म्हणाला. "पाडावा लागेल. मी पाडतो."

---

लग्न मागच्या अंगणात करायचं ठरलं. मांडव केळींच्या बागेत उभा राहिला. पाहुण्यांना शेजाऱ्याच्या गोठ्याला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या दारावरून आणावं लागणार होतं. वार्सिनी दोन दिवस रडत होती आणि रडता रडता भात घोटत होती. तुमिराहशी ती बोलली नाही. दार्सोनो पोनिरिनशी बोलला नाही.

पुढे दोघं नवरा-बायको छज्जा फोडत होते. पोनिरिनचा घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, म्हणून तो स्लॅबवर बसूनच घण चालवायचा. छिन्नी ती धरायची. पहिल्या दिवशी कासिदी मदतीला आला, पण त्यालाही मांडवाची कामं होती. वाटलं होतं दिवसभरात होईल, पण माल तुटेना. घाव घातला की ठिणगी उडायची. हातभर तुकडा पडायला अर्धी सकाळ जायची. छिन्नीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागत होती. डावीकडची बाजू तर लोखंडासकट अशी उभी होती की जणू तिला कुणी सांगितलंच नव्हतं पडायचं म्हणून. पोनिरिननं ती तशीच ठेवली, टेकू देऊन. नंतर तिच्याखाली खांब घालू म्हणाला.

लग्नाच्या सकाळी उजवीकडचा दोन हात तुकडा अजून बाकी होता. मागून कर्ण्यावर गाणी सुरू झाली. पाहुण्यांची चाहूल लागली. काही जण चुकून पुढच्या बाजूला आले, फोडलेला छज्जा आणि वर बसलेली धुळीनं पांढरी झालेली दोन माणसं बघून थबकले, आणि काही न विचारता गोठ्याकडे वळले.

घराच्या दारातून रेत्नो बाहेर आली, दार्सोनोची लेक. कपाळावर काळी नक्षी काढलेली, केसांत मोगऱ्याच्या माळा, हातानं लुगडं वर धरलेलं. तुकड्यांच्या ढिगाऱ्यापाशी थांबून तिनं वर बघितलं.

"लिक पोनिरिन," ती म्हणाली, "काझी आलेत. थोडा वेळ आवाज थांबवाल?"

"थांबवलाच बघ," तो म्हणाला आणि त्यानं घण मांडीवर घेतला.

कर्णा बंद झाला. दोघं वर बसून राहिले. केळींच्या पलीकडून काझींचा आवाज येत होता, मग नवऱ्या पोराचा कबूल, एका दमात म्हटलेला. आणि मग सगळ्या माणसांचा एकदम गलका, "साह! साह!" लग्न लागलं होतं. तुमिराहनं धुळीचे तळवे तोंडावरून फिरवले आणि आमेन म्हटलं.

मागून कुणीतरी आलं. दार्सोनो होता. काळा कोट, बाटिक, कमरेला खंजीर. तो ढिगाऱ्यात उभा राहिला. वाकून त्यानं एक तुकडा उचलला, हातात तोलला, दुसऱ्या तुकड्यावर आपटून पाहिला. तुटला नाही.

"एवढं घट्ट?" तो वर न बघता म्हणाला.

"घट्टच होतं," पोनिरिन म्हणाला.

दार्सोनोनं तुकडा खाली ठेवला. कोटाला लागलेली धूळ झटकली. "जेवण वाढतायत," तो म्हणाला. "मागच्या दारानं या. आज सगळेच मागच्या दारानं येतायत." आणि गेला.

पोनिरिन खाली, त्या पडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिला. 

"इतका चांगला माल माझ्या हातून कधीच उतरला नव्हता गं."

"माहितीय," तुमिराह म्हणाली.

"जेवून येऊ?"

तिनं राहिलेल्या तुकड्याकडे पाहिलं, मग पश्चिमेच्या डोंगराकडे. डोंगराचं टोक ढगात गेलं होतं.

"हे उतरवूनच जाऊ," ती म्हणाली. तिनं छिन्नी रेघेवर टेकवली, काळ्या नखाचा अंगठा बाजूला घेतला आणि दोन्ही हातांनी ती सरळ धरली. पोनिरिननं घण उचलला. तिनं डोळे मिटले नाहीत.